चोरासाठी खोटं दुकान: क्लाउडवरचं हनीनेट

११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर चोरांनी ९४ कोटी नेले. "ती मोठी बँक, आपलं चिखली-खामगावचं दुकान कोण बघतंय?" असं वाटतं ना? बॉट गाव बघत नाही, उघडं पोर्ट बघतो.

क्लाउडवर वेगळ्या खात्यात दोन-तीन छोटे सर्व्हर घ्या, त्यांवर काउरी बसवा. ते खोटं लॉगिन दाखवतं. चोराने टाकलेले पासवर्ड, कमांड सगळं लॉगमध्ये लिहून ठेवतं. खरं बिलिंग, ग्राहकांचे नंबर तिथे अजिबात नको. बाहेर जाणारा ट्रॅफिक अडवाच, नाहीतर आपल्याच सर्व्हरवरून दुसऱ्यावर हल्ला व्हायचा!

चार दिवस लॉग बघा. मग फायरवॉलला सांगा, पोर्ट २२ फक्त दुकानाच्या आयपीला उघडं. (आयपी स्थिर हवा, हॉटस्पॉटचा बदलतो.) बाहेरचे प्रयत्न थांबले, आपला तेवढा दिसला, की तोच नियम खऱ्या सर्व्हरवर लावा.