पेंग्विनचे घर कोठे?

लहान मुलांना प्रश्न फार. आमच्या वर्गातल्या एका आजीबाईंनी परवा सांगितले, "नातू पुस्तकातलं चित्र दाखवतो आन् म्हणतो, आज्जे, ह्यो पक्षी कुठला? मी काय सांगू?"

"गप बैस" म्हणणे सोपे. पण आता आपल्याला वाचता येते. आधी आपण वाचू, मग मुलांना सांगू.

चित्रातला पक्षी होता पेंग्विन. पाठ काळी, पोट पांढरे. माणसासारखा ताठ उभा राहतो. त्याला पंख आहेत, पण उडता येत नाही. पंखांची वल्ही करून तो समुद्रात पोहतो आणि मासे धरून खातो.

कावळ्यांत गावकावळा वेगळा, डोमकावळा वेगळा. तसेच पेंग्विनचे आहे. त्याच्या सुमारे 18 जाती आहेत. मुले म्हणतात, "पेंग्विन बर्फात राहतो." हे खरे, पण थोड्याच जातींचे.

सर्वांत मोठा तो सम्राट पेंग्विन. उंची जवळजवळ चार फूट. हा खरा बर्फातला. पृथ्वीच्या दक्षिण टोकाला अंटार्क्टिका नावाचा बर्फाचा मुलूख आहे. तिथे ऐन हिवाळ्यात मादी एकच अंडे घालते, ते नराच्या हवाली करते आणि समुद्रावर खायला जाते. नर ते अंडे पायांवर घेतो आणि पोटाच्या कातडीखाली झाकतो. दोन महिन्यांहून जास्त दिवस तो उपाशी उभा राहतो. थंडी वाजते तेव्हा हजारो नर एकमेकांना चिकटून उभे राहतात. बापाची माया अशी!

सर्वांत लहान पेंग्विन ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर राहतो. उंची फूटभर, वजन एक किलोच्या आसपास. पाठ निळसर. दिवस मावळला की थव्याने घरी येतो.

आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचा पेंग्विन चक्क गाढवासारखा ओरडतो. हे सांगा, मुले पोट धरून हसतील.

आता हम्बोल्ट पेंग्विन. दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली हे देश आहेत. त्यांच्या कोरड्या किनाऱ्यावर हा राहतो. तिथे बर्फ नाही, पाऊसही जवळजवळ नाही. म्हणून समुद्रपाखरांची शीट वाहून जात नाही. वर्षानुवर्षे तिचे जाड थर साचतात. या थरांत बीळ करून हा पेंग्विन अंडी घालतो.

आपण शेतात कोंबडीखत घालतो ना? ही शीटही तसेच जोरदार खत. 1840 नंतर माणसांनी ती खणून जहाजे भरभरून युरोपात नेली. शेते पिकली, पण बेटे खडकापर्यंत उघडी पडली. पेंग्विनला बीळ करायला जागा उरेना. अंडी उघड्यावर आली. ऊन लागे, दुसरी पाखरे ती पळवीत. आफ्रिकेतल्या पेंग्विनचेही असेच झाले.

खत वाईट नव्हते. पण घेताना मागे काही ठेवायचे असते, हे माणूस विसरला. आता पेरूत काही ठिकाणी पेंग्विनची बिळे राखून खत काढतात. आफ्रिकेत लोक पेंग्विनसाठी घरटी तयार करून ठेवतात. तरी 2024 साली तिथला पेंग्विन नाहीसा होण्याच्या अगदी जवळच्या पक्ष्यांत मोजला गेला. माणसे मासे फार धरतात, त्याला खायला कमी पडते.

मुंबईत भायखळ्याला राणीची बाग आहे. तिथे 2016 साली हम्बोल्ट पेंग्विन आणले. त्यांना गार खोलीत ठेवले आहे. मुलांना घेऊन तिथे गेलात, तर काचेपाशी सांगा, "बाळा, हा बर्फातला नव्हे. ह्याचं घर म्हणजे खताच्या थरातलं बीळ."

मूल लगेच विचारील, "मग ते घर कुणी मोडलं?" तेव्हा खरे उत्तर द्या. मूल ते विसरणार नाही.

प्रश्न
1. सम्राट पेंग्विनचे अंडे कोण उबवते?
2. हम्बोल्ट पेंग्विनची बिळे का गेली?
3. आपल्या गावात कोणत्या पाखरांची घरटी कमी झाली? का? मुलांबरोबर बोला.