पीजेच्या चालीनं लेहला

आम्ही पहूरची माणसं अंतराला भीत नाही. जळगावचा रस्ता गावातून जातो, रात्रंदिवस ट्रक धावत असतात, आणि वैशाखात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात लग्नांना जाणारी आमची जात. चढण म्हणाल तर अजिंठ्याचा घाट, एवढीच आमची ओळख. म्हणून 2022 साली माझ्या यजमानांची बदली लेहला झाली तेव्हा घरात चर्चा झाली ती किलोमीटरची. पहूर ते लेह सुमारे सव्वादोन हजार किलोमीटर, रोजचे चारशे धरले तर सहाव्या दिवशी पोहोचू. उंचीचा हिशोब कागदावर कुणी मांडलाच नाही. त्या चुकीपायी सासूबाई आमच्या हातून जाता जाता राहिल्या. खान्देशातल्या कुठल्याही घराची बदली वर लागली तर त्यांना हे आधी कळावं, म्हणून लिहिते आहे.

जून महिना होता. गाडीत आम्ही पाच जण: आम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि त्रेसष्ट वर्षांच्या सासूबाई. धुळ्याहून शिरपूर, पळासनेरला महाराष्ट्र संपला, बिजासन घाट चढून सेंधवा, आणि पहिला मुक्काम इंदूरला. दुसरा ग्वाल्हेरला, तिसरा पानिपतला. इथवर सगळं सुखाचं झालं. कळण्याची भाकरी, ठेचा, केळीचे वेफर्स, बिबडे, सगळं बरोबर होतं. पानिपतला मुलांना लढाईची जागा, काला आंब, दाखवायचा हट्ट माझाच. त्यात अर्धा दिवस गेला आणि मनालीला पोहोचायला मध्यरात्र झाली. तिथं दोन रात्री राहायचं ठरलं होतं, ते आम्ही एका रात्रीवर आणलं. चुकीची सुरुवात तिथं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अटल बोगद्यातून निघालो. नऊ किलोमीटरचा हा बोगदा 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाला. त्याआधी रोहतांग खिंड चढून जावं लागायचं, त्यात अर्धा दिवस मोडायचा आणि शरीराला थोडी तरी सूचना मिळायची. आता मनालीहून तास-दीड तासात तुम्ही तीन हजार मीटरवर असता. सोय मोठी आहे, पण शरीराला ती कळत नाही. जिस्पाला मुक्काम ठरलेला होता. तिथं दुपारीच पोहोचलो. ऊन लख्ख, रस्ता चांगला, यजमानांना रुजू व्हायच्या तारखेची घाई. "अजून दिवस आहे, सरचूपर्यंत जाऊ," असं ठरलं. मीही हो म्हटलं. बारालाचा खिंडीच्या अलीकडे वितळलेल्या बर्फाचे नाले दुपारनंतर फुगतात, रस्त्यावरूनच वाहतात. ते ओलांडताना मुलीनं मागच्या सीटवरून दाखवलं, वेफर्सची पाकिटं फुग्यासारखी टम्म झाली होती. आम्ही सगळे कौतुकानं बघत राहिलो. बाहेरच्या हवेचा दाब किती उतरलाय, हे ते पाकीट सांगत होतं.

मनाली साधारण 2,050 मीटरवर, सरचू 4,290 च्या आसपास. म्हणजे एका दिवसात आम्ही सव्वादोन हजार मीटर चढलो. आपलं जळगाव दोनशे मीटरच्या आसपास आहे, एवढं ध्यानात घ्या.

संध्याकाळी तंबूत सगळ्यांचं डोकं ठणकायला लागलं. मुलगा दोनदा उलटला. शेजारच्या तंबूतल्या एका प्रवाशानं कापराची पुडी दिली, हुंगत राहा म्हणाला. आम्ही हुंगली. कापरानं नाक मोकळं वाटतं, रक्तात प्राणवायू एक कणही वाढत नाही, हे मला दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं. रात्री अकराच्या सुमाराला सासूबाई उठून बसल्या. श्वास बसल्या जागी लागत होता, ओठ काळेनिळे. बाहेर न्यायला उभं केलं तर पाय एकीकडे, अंग एकीकडे. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "पहूर आलं का माय? पीजे सुटली असंल."

पीजे म्हणजे आमची पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे. छप्पन्न किलोमीटरचा नॅरोगेज रूळ, शेंदुर्णी, पहूर करत रमतगमत जाणारी गाडी. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली. सासूबाईंचं माहेर त्याच मार्गावरचं. त्या क्षणी त्या खरोखर पहूर स्टेशनवर होत्या. डोकं दुखणं, मळमळणं ही पर्वतावरच्या आजाराची सुरुवात. चालताना तोल जाणं, बोलणं भरकटणं, बसल्या बसल्या धाप लागणं ही धोक्याची खूण. ती दिसली की माणूस खाली न्यायचा, दुसरा विचार करायचा नाही. हे तेव्हा आम्हाला माहीत असतं तर निदान सोळा हजार फुटांची खिंड ओलांडून झोपायला गेलो नसतो.

कारण सरचूची खरी अडचण तिथं अडकल्यावर कळते. ते पठार म्हणजे खिंडींच्या मधली वाटी. मागे बारालाचा, सुमारे 4,890 मीटर. पुढे लेहकडे नकी ला, लाचुंग ला, आणि नंतर 5,300 मीटरच्या वरची तांगलांग ला. खाली उतरायचं म्हटलं तरी आधी वर चढावंच लागतं. रात्री दहा अंशांखाली गेलेल्या थंडीत, नाल्यांचा रस्ता, अंधार. तंबूवाल्यानं त्याच्याकडचा प्राणवायूचा मोठा सिलिंडर आणून दिला. त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पहाटे उजाडताच गाडी उलटी वळवली. बारालाचा चढताना सासूबाईंची मान माझ्या खांद्यावर लोळत होती. तो तास कसा गेला ते लिहिता येत नाही. खिंड उतरून दारच्याच्या आसपास आलो आणि त्यांनी डोळे उघडून पाणी मागितलं. औषध कुठलंच नव्हतं, फक्त हजार-दीड हजार मीटर खाली आलो होतो.

केलाँगच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला कागदावर समजावलं. हवेत प्राणवायूचं प्रमाण वर-खाली सगळीकडे एकवीस टक्केच असतं, पण दाब कमी होतो. लेहला समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आत, तांगलांग लावर जवळपास निम्मा. शरीर याला जुळवून घेतं, पण दिवस घेऊन. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपायच्या जागेची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढू द्यायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच थांबायचं. दिवसा खिंड चढून उतरलात तरी चालतं, रात्र कुठं काढता ते महत्त्वाचं. हे ऐकताना मला पीजेच आठवली. प्रत्येक स्टेशनावर थांबणारी.

चार दिवसांनी आम्ही चंदिगढला उतरलो. तिथं जेठ आले आणि सासूबाईंना रेल्वेनं जळगावला घेऊन गेले. आम्ही चौघं मग जम्मूमार्गे श्रीनगरला गेलो. हाच मार्ग मी खान्देशातल्या प्रत्येक कुटुंबाला पहिल्यांदा सांगेन. श्रीनगर सुमारे 1,585 मीटर, सोनमर्ग 2,700 च्या वर, कारगिल तेवढंच. वाटेत झोजी ला साडेतीन हजारांवर आणि फोतू ला चार हजारांवर लागतात, पण मुक्काम खाली होतात. श्रीनगरला दोन रात्री, सोनमर्गला एक, कारगिलला दोन. कारगिलहून लेहची उडी आठशे मीटरची आहे, म्हणून लेहला पोहोचल्यावर दोन दिवस काहीही करायचं नाही. सामान लावायचं नाही, बाजारात जायचं नाही, अंघोळीची घाई करायची नाही. पाणी, गरम वरण-भात आणि झोप. विमानानं थेट येणाऱ्यांनीही हेच पाळायचं, किंबहुना जास्त कडकपणे. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य.

उंचीचा त्रास टाळायला डायमॉक्सची गोळी घेतात लोक. ती निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारूनच घ्या. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास, रक्तदाबाची चालू औषधं हे सगळं त्यांना सांगा. बाजारात मिळणारे प्राणवायूचे छोटे डबे काही मिनिटांतच संपतात, त्यांच्या भरवशावर म्हातारं माणूस वर नेऊ नका. कोरोनातला ऑक्सिमीटर जरूर घ्या, पण लेहला ठणठणीत माणसाचाही आकडा नव्वदच्या खाली दिसू शकतो, तेव्हा आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. त्याला सरळ रेषेत चालायला सांगा.

गाडीचंही सांगते, कारण त्यात आमचे पैसे गेले. आपल्याकडे उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये साधं पाणी ओतायची सवय असते. लेहला हिवाळ्यात पारा शून्याखाली वीसपर्यंत जातो, ते पाणी गोठतं आणि इंजिनाला तडा जातो. निघण्याआधी सगळं पाणी काढून योग्य प्रमाणात कूलंट भरा. साधं डिझेलही थंडीत मेणासारखं घट्ट होतं. लडाखसाठी 2019 पासून उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल मिळतं, तेच भरायचं. मनालीकडून जाणाऱ्यांनी तांदीचा पंप चुकवू नये, पुढे तीनशे किलोमीटरहून जास्त पंप नाही. गाडी वर्षाहून जास्त तिकडे राहणार असेल तर नोंदणी बदलावी लागते. त्यासाठी जळगावच्या आरटीओचं ना-हरकत पत्र आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र निघतानाच घ्या. केंद्र सरकारी नोकरी असेल तर देशभर चालणारा बीएच मालिकेचा नंबर मिळतो का ते आधी विचारा.

मोबाईलकडे आमचं लक्षच गेलं नव्हतं. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये आणि जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. जम्मूची हद्द ओलांडताच आमचे दोन्ही फोन मुके झाले, आणि तिकडे पहूरला सासूबाईंच्या काळजीनं भरलेल्या घराला आमचा दोन दिवस ठावठिकाणा नव्हता.

घरसामानाचा ट्रक सांगितलेल्या तारखेच्या तीन आठवडे उशिरा आला. आमच्या रजया, मुलांचे स्वेटर, सगळं त्यात. म्हणून पांघरुणं, औषधं, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि कुकर या चार गोष्टी स्वतःच्या गाडीत ठेवा. लेहला पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. तुरीची डाळ पातेल्यात दिवसभर ठेवली तरी शिजत नाही.

सासूबाई आता पहूरला चांगल्या आहेत. ती रात्र त्यांना आठवत नाही, आम्हाला आठवते. बदलीच्या आदेशावर रुजू होण्यासाठी जेवढे दिवस मिळतात ते सगळे वापरा, कमी पडले तर रजा मागा. आणि वर जाणाऱ्या कुणीही, घरात मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर, पहिल्या खेपेला सरचूला रात्र काढू नका.