सेल्फ सुटत नसेल तर

भोकर

चि. बाळ्यास,


काल फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं, तू घाबरला होतास. गाडी चालू झाली, किल्ली सोडली, तरी सेल्फ सुटेना. वरून गॅरेजचा उस्ताद ओरडला. फोनवर सांगितलेलं डोक्यात राहत नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या आजोबांनी मला जीपला हँडल मारायला शिकवलं, तेव्हा पहिला धडा अंगठ्याचा होता. अंगठा मुठीत वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे, नाहीतर मनगट गेलं म्हणून समज. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ आला, पुढे हँडल गेलं. नियम मात्र तोच राहिला: इंजिन चालू झालं की सेल्फ सुटलाच पाहिजे. सेल्फच्या पिनियनला नऊ-दहा दाते, फ्लायव्हीलच्या रिंगला शंभरावर. इंजिन आठशेवर नुसतं उभं असलं तरी अडकलेलं पिनियन मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेतं. बेंडिक्समधला एकतर्फी क्लच आर्मेचरला वाचवतो. तोच जाम झाला तर वाइंडिंग उधळलंच.

म्हणून आधी गाडी न्यूट्रल, हँडब्रेक, किल्ली बंद. आता कान दे. इंजिन थांबताच आवाजही थांबला, तर करंट सुटलाय, पिनियन अडकलंय: दाते खाल्लेत, शाफ्टवर चिखल बसलाय किंवा सेल्फचे बोल्ट ढिले होऊन तो तिरका झालाय. किल्ली काढूनही सेल्फ फिरतच असेल, तर लगेच बॅटरीची निगेटिव्ह काढ. निगेटिव्हच आधी, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी नाही. हातातलं कडं त्याआधीच काढलेलं असू दे.

मग सोलेनॉइडची बारीक वायर काढून बाजूला धर, निगेटिव्ह जोड. सेल्फ तरीही फिरला, तर सोलेनॉइडचे आतले पॉइंट चिकटलेत. नाही फिरला, तर त्या वायरला टेस्ट लॅम्प लाव. किल्ली बंद असताना लॅम्प पेटला, की दोष मागे आहे. रिले काढल्यावर विझला तर रिले किंवा किल्लीचा स्विच. विझला नाही तर वायरिंग कुठेतरी शॉर्ट आहे.

इतकं सापडलं की बहुतेक जण पार्ट बदलून मोकळे होतात. मीही झालो होतो. किनवट रस्त्यावरच्या एका जीपला नवा सोलेनॉइड टाकला, पैसे घेतले. महिन्याच्या आत जीप पुन्हा दारात. बॅटरी मेलेली, अर्थिंगची वायर गंजलेली. व्होल्टेज पडलं की पॉइंट घट्ट दबत नाहीत, थरथरतात, ठिणग्या पडतात आणि एक दिवस चिकटून बसतात. सोलेनॉइड बिचारा मार खात होता आणि मी त्यालाच गुन्हेगार ठरवला. दुसरा सोलेनॉइड खिशातून घातला.

तेव्हापासून सेल्फला हात लावण्याआधी मीटर लावतो. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली, तर आधी तिच्याकडे बघ. उस्तादला उलट बोलू नको, मीटर त्याच्यासमोर धर.

जळालेले पॉइंट निघाले तर फेकू नको. सुट्टीला येताना घेऊन ये, दोघं बसून बघू.

तुझा,
मामा