ऐनाच्या पानाचा कस आणि टसरचा कोसा

गोंदिया जिल्हा म्हटला की भाताची खाचरे, मामा तलाव आणि दाट वनराई डोळ्यांपुढे उभी राहते. १९९९ साली भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या या जिल्ह्यात ऐन व अर्जुन हे वृक्ष मुबलक आढळतात. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेला ऐन इमारती लाकडासाठी सर्वांच्या परिचयाचा आहे. तथापि त्याच्या पानावर एक स्वतंत्र व्यवसाय उभा आहे, तो म्हणजे टसर रेशमाचा. पूर्व विदर्भातील गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत हा व्यवसाय चालतो. धीवर समाजातील अनेक कुटुंबांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जोपासला आहे.

पान हेच अन्न, पान हेच पाणी

तुतीवरील रेशीमकिडा घरात पोसला जातो. टसरची अळी मात्र उघड्या झाडावरच वाढते. ती वेगळे पाणी पीत नाही. तिला लागणारे पाणी, प्रथिने, शर्करा व खनिजे ही सर्व पानांतूनच मिळतात. रेशमाचा धागा हा मुख्यतः फायब्रोइन व सेरिसिन या दोन प्रथिनांचा बनलेला असतो. म्हणजेच पानातील नत्र अळीच्या शरीरात जाऊन अखेर धाग्याच्या रूपाने बाहेर पडते. पान निकस असेल तर कोसा भरदार होणार कसा?

ऐनाच्या पानात टॅनिन हे तुरट द्रव्यही असते. ते प्रथिनांना बांधून ठेवते व पचनास अडथळा आणते. पतंगवर्गातील अळ्यांच्या आतड्यातील रस तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे हे बंधन बरेच सैल पडते. इतर प्राण्यांना तुरट लागणारा पाला टसरच्या अळीला मानवतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

वयानुसार पाला

पान जून होत जाते तसे त्यातील पाणी व प्रथिने घटतात, तंतू वाढतात. अळी चार वेळा कात टाकून पाच अवस्थांतून जाते. नुकत्याच जन्मलेल्या अळीचे जबडे नाजूक असल्याने तिला कोवळा, रसदार पाला हवा. मोठ्या अळीला मात्र पक्व पान मानवते. फार पाणीदार पाल्याने ती रोगास लवकर बळी पडते. पाचव्या अवस्थेतील भूक तर विलक्षण असते. आयुष्यात खाल्लेल्या एकूण पाल्यापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक पाला अळी याच काळात फस्त करते. नेमका याच वेळी पाला संपला, तर उपाशी अळी पातळ व पोचट कोसा विणते किंवा कोसा न विणताच मरते.

पुढील पिकाची शिदोरी

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कोशातून बाहेर पडणारा पतंग काहीही खात नाही. मादीची अंडी अळीने पूर्वी खाल्लेल्या पाल्याच्या संचयावरच पोसली जातात. हिवाळ्यात तयार झालेले बियाण्याचे कोसे पावसाळ्यापर्यंत निद्रिस्त राहतात. त्या दीर्घ काळात आतील जीव त्याच शिदोरीवर तग धरतो. आजच्या पाल्याची उणीव अशा रीतीने पुढील हंगामाच्या बियाण्यातही उतरते.

कास्तकारांनी काय करावे?

झाडावरील पाला पाहूनच अळ्यांची संख्या ठरवावी. अंडीपुंज अधिक सोडल्याने कोसे अधिक मिळतात, हा समज चुकीचा आहे. पाला निम्म्याहून अधिक संपताच अळ्या फांदीसह हलकेच दुसऱ्या झाडावर न्याव्यात. लहान अळ्यांसाठी कोवळ्या फुटव्याची झाडे राखून ठेवावीत. स्वतःच्या लागवडीत वेळेवर छाटणी करून शेणखत द्यावे. वनक्षेत्रात मात्र वन विभागाच्या परवानगीखेरीज फांदी तोडू नये. एकदा ओरबाडलेल्या झाडाला नवी पालवी भरण्यास पुरेशी विश्रांती द्यावी.

भंडारा जिल्ह्यातील विणकरांच्या मागावर कोशाच्या धाग्याचे वस्त्र होते, विदर्भाची करवतकाठी साडी नावारूपास येते. त्या वस्त्राची प्रत मागावर येण्यापूर्वीच रानातील पानावर बव्हंशी ठरून गेलेली असते. म्हणून कोसा उत्पादकाने कोशाआधी पान जोखावे. ऐनाचे झाड जोमदार राहिले, तरच त्याच्या आश्रयाने जगणारा हा व्यवसाय टिकेल आणि कास्तकाराच्या घरी भातापलीकडचे चार पैसे येत राहतील.