आधीचा 'ए' आणि नंतरचा 'पी'

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातले एक काका तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते पोट धरून. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी तालुक्याला जाऊन गोळ्या आणल्या होत्या. पहाटे उठायचे, चूळ भरायची, अनशेपोटी गोळी घ्यायची आणि शेत गाठायचे. पोटात नुसती आग पडू लागली. आम्ही चिठ्ठी मागितली. गोळीच्या नावापुढे इंग्रजी अक्षरे होती, 'पी. सी.' म्हणजे गोळी जेवणानंतर घ्यायची.

काका म्हणाले, "मला वाटलं, ती डॉक्टरांची सही असंल."

सारा वर्ग हसला. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी रिकाम्या पोटी घेतली तर पोटाला बाधू शकते. उलट पित्तावरच्या काही गोळ्या, ओमेप्राझोलसारख्या, जेवणाच्या आधीच घ्यायच्या असतात. तेथे 'ए. सी.' लिहितात. दोन चिठ्ठ्यांत एकाच अक्षराचा फरक!

तर ही दोन अक्षरे आज ओळखून ठेवू. इंग्रजी 'ए' पाहा. दोन्ही पाय फाकून उभी केलेली घोडी, आणि मधे एक आडवी पट्टी. 'पी' म्हणजे उभी काठी, आणि वरच्या अर्ध्या भागात उजवीकडे सुटलेले पोट. पोट भरल्यावर पी, असे आमच्या वर्गातल्या एका मावशींनी सांगितले. आम्हाला ते फार आवडले.

ही अक्षरे मूळची लॅटिन भाषेतली. आपल्याकडे जशी संस्कृत, तशी युरोपात लॅटिन ही जुनी भाषा. त्या भाषेत 'आन्टे' म्हणजे आधी आणि 'पोस्ट' म्हणजे नंतर. 'ए' हा आन्टेचा, 'पी' हा पोस्टचा. पत्रे येतात ते पोस्ट वेगळे, त्याचा येथे संबंध नाही. पोस्टमॉर्टेम हा शब्द मात्र खेड्यातही सर्वांना ठाऊक आहे. मॉर्टेम म्हणजे मृत्यू. मृत्यूनंतरची तपासणी ती पोस्टमॉर्टेम.

आमच्या वर्गातल्या बायकांना ही जोडी आधीपासूनच माहीत होती, फक्त तिचा अर्थ माहीत नव्हता. आशाताई गरोदर बाईला 'एएनसी'ला चला म्हणतात. बाळंतपण झाल्यावर घरी येतात, त्याला 'पीएनसी' म्हणतात. आधीची देखभाल ती 'ए'ची, नंतरची ती 'पी'ची. हे उलगडले तेव्हा एक सूनबाई म्हणाली, "अगं बाई, म्हंजी घड्याळातलं एएम-पीएम बी ह्येच की काय?"

होय, तेच. 'एम' म्हणजे माध्यान्ह. सूर्य डोक्यावर येण्याआधी एएम, डोक्यावरून कलल्यानंतर पीएम. सकाळचे सात एएम, संध्याकाळचे सात पीएम. एवढे सोपे आहे. घोटाळा होतो तो बारा वाजता. रात्री बारा वाजले की एएम सुरू होते, दुपारी बारा वाजले की पीएम. म्हणून 12-30 पीएम ही मध्यरात्र नव्हे, ती भर दुपार. शिकलेलीही माणसे येथे चुकतात, तेव्हा आपण लाजण्याचे कारण नाही.

रेल्वेने हा घोटाळा टाळण्यासाठी चोवीस तासांचे घड्याळ धरले आहे. तिकिटावर 20-00 असेल तर त्यातून बारा वजा करावेत, रात्रीचे आठ. पण तेथेही एक खड्डा आहेच. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला लेकीकडे मुंबईला जायचे होते. तिकिटावर 15 तारीख, मंगळवार, आणि वेळ 00-20. मंगळवारी रात्री जेवून, भाकऱ्या बांधून दोघे स्टेशनवर गेली. गाडी आदल्या रात्रीच निघून गेली होती. तिकिटाचे पैसे बुडाले ते बुडाले, लेकीच्या डोहाळजेवणालाही मुकली.

त्यांचे काय चुकले? आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. पंचांगात तसाच धरतात. म्हणून कोंबडा आरवेपर्यंत आपल्याला सोमवारचीच रात्र वाटते. इंग्रजी तारीख मात्र मध्यरात्रीच बदलते. 15 तारखेचे 00-20 म्हणजे 14 तारखेला, सोमवारी, रात्री जेवून निघायचे. तिकिटावर वेळेच्या सुरुवातीला दोन शून्ये दिसली, की आदल्या रात्रीचे पाहावे.

इंग्रजीच तेवढी अवघड असे मात्र कोणी समजू नये. आपला 'परवा' घ्या. परवा आलो, परवा जाईन. मागचाही परवा, पुढचाही परवा! परक्या माणसाने काय समजावे?

आता एक सावधगिरी. प्रत्येक 'पी' नंतरचाच असतो असे नाही. 'प्री' म्हणजे आधी, आणि त्याचेही पहिले अक्षर पी. मोबाइलचे प्रीपेड म्हणजे पैसे आधी, पोस्टपेड म्हणजे वापर आधी, बिल नंतर. तेव्हा पूर्ण शब्द असेल तर पूर्ण वाचावा. आणि चिठ्ठीवर नुसती अक्षरे असतील, नीट लागत नसतील, तर औषधवाल्याला विचारावे, "दादा, जेवणाच्या आधी का नंतर?" तो पाकिटावर मराठीत लिहून देईल.

घरी गेल्यावर एवढे करून पाहा. एखादी जुनी चिठ्ठी काढा आणि तिच्यात घोडी शोधा, पोटाची काठी शोधा. मग हे सोडवा: गाडी 22 तारखेला 00-45 ला सुटते. घरून स्टेशनला पोहोचायला दोन तास लागतात. बैलगाडी कोणत्या तारखेला जुंपाल, आणि तेव्हा एएम असेल की पीएम?