संशोधनासाठी दान



दान म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे भोजनदान, वस्त्रदान येते. भुकेल्याला दिलेली भाकरी त्याच्या पोटात गेलेली आपण पाहतो. परंतु असेही एक दान आहे की, ज्याचे फळ दात्याला दिसेलच असे नाही, आणि ज्याला ते मिळते त्याला दात्याचे नावही ठाऊक नसते. रोगावरील संशोधनासाठी दिलेले दान असे असते.

कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचे उदाहरण घ्या. १९७७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याच्या उजव्या पायाच्या हाडात कर्करोग निघाला. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. जगण्याची शक्यता शंभरात पन्नास, असे त्याला सांगण्यात आले. दोनच वर्षांपूर्वी ती शंभरात पंधरा होती, हेही त्याला कळले. हा फरक कशाने पडला? संशोधनाने.

इस्पितळात त्याने इतर रोग्यांचे, लहान मुलांचे हाल पाहिले. आपण बरे झालो एवढ्यावर तो थांबला नाही. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायाने देशभर धावायला निघाला. रोज सुमारे ४२ किलोमीटर. मागणे एवढेच की, प्रत्येक देशबांधवाने संशोधनासाठी एक डॉलर द्यावा. आपल्या मालाची जाहिरात करा म्हणणाऱ्या कंपन्यांना त्याने नकार दिला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि रोग फुप्फुसांत पसरल्याचे आढळले. धाव थांबली, दान थांबले नाही. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४१ लाख डॉलर जमले. देशाची लोकसंख्याही जवळपास तेवढीच होती. त्यात सरकारी व मोठ्या रकमा होत्या, तशीच सामान्यांची नाणीही होती. २८ जून १९८१ रोजी, बाविसाव्या वर्षी, टेरीचे निधन झाले.

अशा पैशाने काय होते, ते समजून घेऊ.

१. संशोधक आपली योजना लिहून मांडतात. त्या विषयाचे जाणकार ती तपासतात व योग्य योजनेला पैसा मिळतो.

२. त्यातून संशोधकांचे वेतन, रसायने, उपकरणे यांचा खर्च भागतो. पुष्कळ प्रयोग फसतात. परंतु कोणती वाट चुकीची, हे त्यातूनच कळते.

३. नवे औषध रोग्यांच्या संमतीने आधी थोड्या जणांना देऊन त्याची सुरक्षित मात्रा ठरवतात. मग गुण येतो का ते पाहतात. शेवटी चालू उपचाराशी तुलना करतात. याला वर्षे लागतात.

कोणी विचारील, समोर रोगी तळमळत असताना प्रयोगशाळेला पैसा का द्यावा? शंका रास्त आहे. रोग्याला औषध, अन्न, निवारा दिलाच पाहिजे. परंतु आज त्याला देता येते ते औषध काल कोणी तरी शोधून ठेवले आहे. दोन्ही दाने आवश्यक आहेत.

परतफेडीची अपेक्षा न धरता देणे, ही दानपारमिता होय. टेरीला स्वतःला या निधीचा लाभ झाला नाही. १९८१ पासून त्याच्या नावाने दरवर्षी लोक धावतात. त्याला प्रवेशशुल्क नाही. आजवर ८५ कोटींहून अधिक डॉलर संशोधनाला मिळाले आहेत.

तेव्हा आपणही यथाशक्ती द्यावे. मात्र डोळे उघडे ठेवून द्यावे. पैसा कोणत्या कामाला जातो? हिशेबाची तपासणी होते का? संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध होतात का? हे तीन प्रश्न विचारावेत आणि पावती घ्यावी. विचारण्यात संकोच नसावा.