एका डोक्यातील पेढी

बेळगावच्या आमच्या धान्याच्या पेढीवर एकच दिवाणजी पस्तीस वर्षे आहेत. रोजकीर्द व खतावणी त्यांच्या हातची. परंतु वहीत न उतरलेली पेढी त्यांच्या डोक्यात होती. कोणत्या दुकानदारास किती दिवसांची उधारी द्यावी, कोणती थप्पी आधी काढावी, कोणत्या गावच्या ज्वारीत खडे निघतात, हे त्यांनाच ठाऊक. हे आम्ही आमचे भाग्य समजत होतो.

सन २०१९ मध्ये ऐन सुगीत ते सहा आठवडे आजारी पडले. थप्पी लावल्याच्या तारखा कोठेच लिहिलेल्या नव्हत्या. नवा गहू आधी विकला गेला आणि मागील जुन्या पोत्यांत सोंडे झाले. जीएसटीचे विवरणपत्र भरावयास बसलो, तर ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर जाई. आजारी माणसास त्यासाठी उठवावे लागले, याची आम्हांस आजही लाज वाटते. दोष त्यांचा नव्हता; वेळीच विचारून घेणे आमचे काम होते.

ते परतल्यावर आम्ही कोरी वही पुढे ठेवली, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझे काम संपले?" असे त्यांनी विचारले. ही भीती दूर केल्यावाचून कोणीही मनातले लिहून देत नाही. त्यांचा पगार व गादीवरील जागा कायम राहील, असे आम्ही मुलांसमक्ष सांगितले आणि शिकविण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले.

तेव्हापासून आम्ही चार नियम पाळतो.

१. प्रत्येक थप्पीवर आवकेची तारीख, गाव व ओलावा यांची चिठ्ठी असावी. सरकारी खरेदीत गव्हाचा ओलावा १२ टक्क्यांपुढे गेल्यास किंमत कापतात व १४ टक्क्यांपुढे माल नाकारतात. दिवाणजी दाणा दाताखाली फोडून अंदाज सांगतात. धाकटा कारकून तो यंत्राशी ताडून शिकतो.

२. उधारीची मुदत व तिचे कारण खात्यातच लिहावे.

३. कराचे प्रत्येक काम दोघांस यावे.

४. वर्षातून दोनदा दिवाणजींनी आठ दिवसांची भरपगारी सुट्टी घ्यावी व त्यांना कोणी फोन करू नये. त्या दिवसांत जे अडेल, ते टिपून ठेवावे.

पहिल्या सुट्टीत एकवीस गोष्टी अडल्या. परत आल्यावर दिवाणजींनी ती यादी वाचली, एकेकाचे उत्तर वहीत उतरविले आणि वही आमच्याकडे सरकवून म्हणाले, "अण्णा, आता तुमच्या डोक्यातले कोण लिहिणार?"

आम्ही साठी ओलांडली आहे. त्याच रात्री आम्ही लिहावयास बसलो. सभासद बंधूंनी इतका उशीर करू नये, एवढीच विनंती.